जवळची माणसे, दूरची माणसे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



 या प्रसंगी विद्यार्थ्यांस हिताचा उपदेश करावा असा आपला प्रघात आहे. परंतु उपदेश घरोघर पुष्कळ होतो, आणि तो ऐकून घेण्याची सवय विद्यार्थ्यांस चांगलीच झालेली असते. म्हणून आज आम्ही उपदेश बाजूस ठेवून एका संशोधकाची व त्याच्या कार्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

त्यास दोन निमित्ते घडली. आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी एका मुलीस गणितात उत्कृष्ट गुण मिळाले आहेत, आणि तिची इच्छा पुढे समाजशास्त्राकडे वळण्याची आहे. तिच्या वडिलांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "गणितात एवढे गुण मिळवून ही पोर माणसे मोजीत बसणार काय? आणि त्यात पोट कसे भरावयाचे?" दुसरे निमित्त दुपारच्या सर्वसाधारण सभेचे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील काही जागा अलीकडे रिकाम्या राहतात. त्या इतर समाजांतील होतकरू विद्यार्थ्यांस द्याव्यात, असा ठराव सभेपुढे यावयाचा आहे. त्यावर दोन्ही पक्षांचे बोलणे आम्ही सकाळपासून ऐकत आहो, आणि दोन्ही पक्षांच्या कळकळीविषयी आमच्या मनात शंका नाही. मुलीचा प्रश्न आणि वसतिगृहाचा प्रश्न हे दिसावयास अगदी वेगळे. परंतु ज्या गृहस्थांविषयी आम्ही बोलणार आहो त्यांच्या संशोधनाचा दोहोंशीही निकटचा संबंध आहे.

त्यांचे नाव डंकन वॉट्स. त्यांचा जन्म १९७१ सालचा. ते मूळचे ऑस्ट्रेलियातील. तेथील संरक्षण दलाच्या अकादमीत राहून न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी घेतली आणि नौदलात अधिकारी म्हणून ते पात्र ठरले. पुढे ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आले आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांच्या मार्गदर्शनाखाली १९९७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तीही समाजशास्त्राची नव्हे, यांत्रिकी या विषयाची. असा मनुष्य पुढे समाजशास्त्राचा प्राध्यापक कसा झाला, हीच खरी हकीकत आहे.

कॉर्नेल विद्यापीठ ज्या इथाका गावी आहे त्या परिसरात रात्री झाडांवर रातकिडे किरकिरतात. आपल्याकडील पावसाळी रात्री ज्यांनी खेड्यात काढल्या आहेत त्यांस हा अनुभव सांगावयास नको. त्यांतील एका जातीचे किडे हळूहळू एकमेकांशी ताल जुळवून घेतात आणि सर्व झाड एका सुरात किरकिरू लागते. हे कसे घडते याचा अभ्यास वॉट्स करीत होते. कोणता किडा कोणाचे ऐकतो? सर्वांचे ऐकतो की केवळ शेजाऱ्याचे? हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत असता त्यांना वडिलांशी दूरध्वनीवर झालेले एक बोलणे आठवले. वडील म्हणाले होते, "जगातील कोणीही मनुष्य अमेरिकेच्या अध्यक्षापासून सहाच हस्तांदोलनांच्या अंतरावर आहे, हे तुला ठाऊक आहे काय?" वॉट्स यांच्या मनात आले की, किड्यांचा प्रश्न आणि माणसांचा प्रश्न हे मुळात एकच असावेत. कोण कोणास जोडलेला आहे, आणि त्या जोडणीच्या आकृतीने काय घडते, हाच तो प्रश्न.

सहा हस्तांदोलनांची ती गोष्ट केवळ वदंता नव्हती. १९६७ साली स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने असा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पुढे १९६९ साली त्याचा सविस्तर वृत्तांत आला. काही सामान्य माणसांच्या हाती एकेक पाकीट द्यावयाचे. ते बोस्टनजवळच्या एका दलालास पोचवावयाचे, परंतु थेट टपालाने नव्हे; आपण ज्यास जातीने ओळखतो अशा माणसाच्या हाती द्यावयाचे, त्याने त्याच्या ओळखीच्या माणसाकडे द्यावयाचे, याप्रमाणे. २९६ माणसांपासून हा उपक्रम आरंभिला गेला; ६४ पाकिटे पोचली; आणि जी पोचली त्यांस मध्ये सरासरी पाचच माणसांचे हात लागले. लग्नाच्या बोलण्यात "अहो, म्हणजे ते आमच्या मावसभावाचे साडूच की!" असा उद्‌गार आपल्यापैकी प्रत्येकाने काढलेला आहे. मिलग्रॅम यांनी त्यास मोजमापाचे रूप दिले.

असे होते, इतके कळले होते. कसे होते, ते कळले नव्हते. ते वॉट्स व स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकातील एका छोट्या निबंधात दाखविले. त्यांची कल्पना इतकी साधी आहे की, येथे बसलेल्या शाळकरी मुलांसही ती समजावी. कल्पना करा की, एक हजार माणसे एकमेकांचे हात धरून मोठ्या वर्तुळात उभी आहेत, आणि प्रत्येकजण आपल्या डावीकडील पाच व उजवीकडील पाच अशा दहाच माणसांस ओळखतो. येथे घट्टपणा पुष्कळ आहे. कारण माझा शेजारी तोच बहुधा माझ्या शेजाऱ्याचाही शेजारी. परंतु कोणत्याही दोन माणसांतील अंतर सरासरीने पन्नास ओळखींचे होते. निरोप एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाईपर्यंत त्याचा अर्थही बदलून जावयाचा!

आता या ओळखींपैकी शंभरांत एकच ओळख सोडवावी आणि तिचे दुसरे टोक वर्तुळातील कोणत्याही दूरच्या माणसाच्या हाती द्यावे. गणिताने असे दिसते की, एवढ्याने सरासरी अंतर पूर्वीच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील घट्टपणा मात्र जवळजवळ होता तसाच राहतो. शंभरातील नव्व्याण्णव नाती जागच्या जागी असतात. एका परक्या नात्याने साऱ्या समूहाचे जगाशी अंतर तुटते. श्रोतेहो, हे वाक्य आपण कृपा करून ध्यानात ठेवावे. दुपारच्या सभेत त्याचा उपयोग आहे.

हे केवळ कागदावरचे वर्तुळ नव्हे, हे दाखविण्याकरिता त्यांनी तीन अगदी भिन्न जाळी तपासली: चित्रपटांतून एकत्र कामे केलेले २,२५,२२६ नट, पश्चिम अमेरिकेतील वीजपुरवठ्याचे जाळे, आणि एका सूक्ष्म कृमीची मज्जासंस्था. तिन्हींत एकच लक्षण आढळले. नटांच्या जाळ्यात कोणत्याही दोन नटांमधील सरासरी अंतर अवघे ३.६५ पायऱ्यांचे निघाले, आणि तरीही नटांचे आपापले घट्ट कंपू होतेच. या छोट्या निबंधाचा आधार पुढे पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, रोगप्रसाराचे शास्त्र, अर्थशास्त्र अशा नाना विषयांतील हजारो संशोधकांनी घेतला. रातकिड्यांमागे रात्री हिंडणारा विद्यार्थी अशा रीतीने समाजशास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. २००० साली कोलंबिया विद्यापीठाने त्यास समाजशास्त्राच्या विभागात जागा दिली.

तेथे वॉट्स यांनी मिलग्रॅम यांचा प्रयोग नव्या साधनांनी पुन्हा केला. पीटर डॉड्स व रॉबी मुहम्मद या सहकाऱ्यांसह त्यांनी २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या वेळी पाकिटाऐवजी ई-मेल होती, आणि गाठावयाची माणसे १३ देशांतील १८ होती. त्यांत एस्टोनियातील दप्तरखान्याचा एक निरीक्षक होता, नॉर्वेच्या सैन्यातील एक पशुवैद्य होता, ऑस्ट्रेलियातील एक पोलीस होता, आणि आपल्या हिंदुस्थानातील एक तांत्रिक सल्लागारही होता. १६६ देशांतील साठ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. २४,१६३ साखळ्या सुरू झाल्या. त्यांपैकी शेवटास किती गेल्या असतील? केवळ ३८४.

आता कोणी म्हणेल, मग जग लहान आहे हे म्हणणे खोटे ठरले. परंतु तसे नाही. ज्या साखळ्या पोचल्या त्या थोड्याच पायऱ्यांत पोचल्या, आणि मध्येच तुटलेल्यांचा हिशेब धरूनही अंतर मध्यमानाने पाच ते सात पायऱ्यांचेच निघाले. तुटण्याचे कारण निराळेच होते. ज्यांनी निरोप पुढे धाडला नाही त्यांस 'का धाडला नाही?' असे विचारले असता, पुढे कोणास धाडावे हे सुचले नाही, असे म्हणणारे फारच थोडे निघाले. बहुतेकांनी नुसतेच मनावर घेतले नव्हते. वाट होती, चालणाऱ्याने पाऊल उचलले नाही, इतकेच. आणखी एक गोष्ट आढळली. ज्या साखळ्या पोचल्या त्यांत अगदी जिवलग मित्रांपेक्षा कामाधंद्यातील व शिक्षणातील जुजबी ओळखींचा वाटा अधिक होता. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच प्रतिपादन केले होते की, नव्या नोकरीची वार्ता घरच्या माणसांपेक्षा वरवरच्या ओळखीच्या माणसाकडून येते. कारण घरच्यांस जे ठाऊक असते ते आपणांसही आधीच ठाऊक असते.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण आमच्याकडे आला होता. एका कारखान्यातील रसायनशाळेच्या प्रमुखांस आमच्याकडून ओळखपत्र मिळावे, एवढीच त्याची विनंती होती. त्या गृहस्थांची व आमची ओळख आगगाडीतील दोन दिवसांच्या प्रवासापलीकडची नव्हती. एवढ्याशा ओळखीवर पत्र कसे लिहावे, असा संकोच आम्ही केला, त्याची चिठ्ठी खणात ठेवली, आणि पुढे विसरलो. खण आवरताना ती हाती लागली तोवर कित्येक महिने लोटले होते आणि ती जागाही भरली गेली होती. त्या तरुणाने आम्हांस कधी बोल लावला नाही. परंतु २४,१६३ पैकी ३८४ हा आकडा आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो खण आठवला. तुटलेल्या साखळ्यांतील एक कडी आम्हीच होतो. आपल्या घरीही असे खण असतील. ज्या ओळखीस आपण क्षुल्लक समजतो तीच कोणाच्या तरी उपयोगाची असते.

आता वॉट्स यांच्या ज्या संशोधनाचा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांशी सर्वांत जवळचा संबंध आहे, त्याकडे वळू. ग्वेओर्गी कोसिनेट्स या सहकाऱ्यासह त्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या विद्यापीठातील ४३,५५३ विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांच्या वर्षभरातील ई-मेलच्या देवघेवीचा अभ्यास केला. मजकूर वाचावयाचा नाही. कोणी कोणास केव्हा लिहिले एवढेच पाहावयाचे. त्याचा पहिला निबंध २००६ साली व दुसरा २००९ साली आला. दुसऱ्यातील प्रश्न असा होता: सारख्या माणसांची सारख्यांशीच मैत्री होते, हे सर्वत्र दिसते, ते कशाने होते? माणसे हट्टाने आपल्यासारखीच माणसे निवडतात म्हणून, की त्यांस भेटतातच तशी माणसे म्हणून?

उत्तर असे आले की, दोन्ही कारणे एकमेकांस खतपाणी घालतात. निवडीतील आवड फार मोठी नसते. परंतु माणूस नवी ओळख करतो ती बहुधा मित्राच्या मित्राशी, किंवा एकाच वर्गात, एकाच कचेरीत भेटणाऱ्याशी. मित्र आधीच थोडा आपल्यासारखा. त्याचा मित्र आणखी थोडा तसाच. याप्रमाणे आवडीचा लहानसा कल फेरीमागून फेरी साचत जातो आणि अखेरीस मोठी भिंत उभी राहते. भिंत बांधण्याचा हेतू कोणाचाच नसतो; आणि भिंत तर असते.

हा अभ्यास अमेरिकेतील एका विद्यापीठाचा आहे. त्यात ज्ञातीचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे ही आवड लहानशी आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. शतकानुशतके ती जन्माने ठरली, रोटीबेटीच्या नियमांनी बांधली गेली, आणि त्या भिंतीच्या पलीकडे कोणास किती सोसावे लागले याचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. जेथे लहानशा आवडीनेही भिंत उभी राहते तेथे मोठ्या आवडीने काय होत असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आता विद्यार्थी मित्रांसाठी एक गोष्ट. मॅथ्यू सॅल्गॅनिक व पीटर डॉड्स यांच्यासह वॉट्स यांनी २००६ साली गाण्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली गेली आणि १४,३४१ लोकांनी ती ऐकून, आवडली तर उतरवून घेतली. काहींस केवळ गाण्यांची नावे दिसत होती. त्यांच्या निवडीवरून गाण्याचा मूळचा दर्जा ठरविला गेला. इतरांची आठ निरनिराळी 'जगे' केली होती. प्रत्येक जगात त्या जगातील पूर्वीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा घेतले ते दिसत असे. आठही जगांत गाणी तीच, आरंभ शून्यापासून. जर यश केवळ गुणांवर अवलंबून असते तर आठही जगांत तीच गाणी वर आली असती. तसे झाले नाही. दुसऱ्यांची आवड दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, मागे पडलेली अधिकच मागे गेली, आणि कोणते वर येईल हे सांगणे कठीण झाले. दर्ज्याने २६ वे असलेले एक गाणे एका जगात पहिले आले. दुसऱ्या जगात तेच ४० वे गेले. अत्युत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, आणि अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर चढली नाहीत. परंतु मधल्यांचे काय होईल याचा नेम नव्हता.

पुढे २००८ साली सॅल्गॅनिक व वॉट्स यांनी असेही करून पाहिले की, लोकप्रियतेचा क्रम मुद्दाम उलटा दाखवावयाचा. तेव्हा ज्यांस खोटीच प्रतिष्ठा दिली त्यांतील कित्येक गाण्यांची प्रतिष्ठा खरी होऊन बसली. उत्तमांतली उत्तम गाणी कालांतराने पुन्हा वर आली खरी. परंतु एकंदरीत लोकांनी गाणी घेणेच कमी केले. सत्कार चुकीच्या माणसाचा झाला म्हणजे सत्कारावरचाच विश्वास उडतो, हे आपण व्यवहारात पाहतोच.

आज ज्यांस पदके मिळाली त्यांनी यावरून आपल्या श्रमांचे मोल कमी समजू नये. गुणांवाचून वर येणे कठीण, हे त्या प्रयोगातही दिसले. परंतु ज्यांस चार गुण कमी पडले आणि म्हणून ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत त्यांस आम्ही सांगू इच्छितो की, पहिल्या आणि सव्विसाव्या क्रमांकातील अंतर सर्वस्वी गुणांचे नसते. कोणते जग वाट्यास आले याचाही त्यात भाग असतो. आणि पालकांस विनंती की, पुढे कोण काय होईल याची भाकिते त्यांनी आताच करू नयेत. सॅल्गॅनिक यांच्याच पुढाकाराने २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ४,२४२ कुटुंबांची, मुलांच्या जन्मापासून जमविलेली माहिती १६० संशोधकगटांस देण्यात आली होती, आणि मूल पंधराव्या वर्षी परीक्षेत कसे करील, घराची स्थिती कशी असेल, हे सांगावयाचे होते. माहिती विपुल, यंत्रे बलाढ्य. तरी कोणाचेही भाकीत फारसे अचूक ठरले नाही. जे १६० गटांस साधले नाही ते आपण दहावीच्या गुणपत्रिकेवरून करू पाहतो!

कोणी म्हणेल, यात नवे काय? हे तर आम्हांस अगोदरच ठाऊक होते. या आक्षेपावरच वॉट्स यांनी २०११ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी पॉल लाझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाची एक जुनी युक्ती सांगितली आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या पाहणीविषयी १९४९ साली लिहिताना लाझर्सफेल्ड यांनी काही निष्कर्ष दिले. त्यांतील एक असा: खेड्यांतून आलेले सैनिक शहरांतून आलेल्यांपेक्षा सैन्यात अधिक प्रसन्न असत. आपण म्हणाल, उघडच आहे. खेडुतास कष्टांची सवय असते. परंतु लगेच लाझर्सफेल्ड सांगतात की, खरा निष्कर्ष नेमका उलटा होता. शहरचे सैनिक अधिक प्रसन्न असत. आता आपण म्हणाल, हेही उघडच आहे. शहरच्या माणसास गर्दीची, हुकमाची, शिस्तीची सवय असते. जी बुद्धी दोन्ही उत्तरांस तितक्याच तत्परतेने 'उघड आहे' म्हणते तिच्यावर किती विसंबावे? म्हणून मोजावे लागते. 'ही पोर माणसे मोजीत बसणार काय?' या प्रश्नास आमचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर पोटापाण्याचे. वॉट्स २००७ साली कोलंबियातून याहू या कंपनीच्या संशोधनविभागात गेले. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या न्यूयॉर्क येथील संशोधनशाळेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश झाला. २०१९ पासून ते पेनसिल्व्हानिया विद्यापीठात आहेत, आणि तेथे संज्ञापन, अभियांत्रिकी व व्यापार या तीन विद्याशाखांशी त्यांचा एकाच वेळी संबंध आहे. ज्या विद्येस लोक संगणकीय समाजविज्ञान म्हणतात ती अशी शाखाशाखांच्या सीमेवर उभी आहे. गणित जाणणारा आणि माणसांविषयी जिज्ञासा असणारा अशी जोडी एका व्यक्तीत दुर्मिळ असते, म्हणून तिला मागणी आहे. आणि ही सांगड आपल्याकडेही अगदी नवी नाही. गोव्यात जन्मलेले व पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक होते. प्राचीन नाण्यांची वजने काटेकोरपणे घेऊन, नाणे हातोहात फिरून किती झिजते याच्या गणितावरून त्यांनी इतिहासाचा मागोवा घेतला. आपल्या पोरीचा मार्ग अगदीच अनोळखी नव्हे.

तथापि वॉट्स यांच्या मार्गाची नक्कल करून वॉट्स होता येईल, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे त्यांच्याच गाण्यांच्या प्रयोगास धरून होणार नाही. या विद्येचे दोषही सांगितले पाहिजेत. तिचा सारा माल आपल्या पत्रव्यवहारातून, खरेदीविक्रीतून, फिरण्याबोलण्यातून मिळतो, आणि तो मोठमोठ्या कंपन्यांच्या कुलपात असतो. २०१४ साली फेसबुकवरील ६,८९,००३ लोकांच्या नजरेस पडणाऱ्या मजकुरात त्यांस न सांगता फेरफार करून त्यांच्या मनोवृत्ती पाहिल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मोठा गदारोळ उठला, आणि तो उठणे योग्यच होते. २०२० साली वॉट्स यांच्यासह पंधरा संशोधकांनी एकत्र लिहून सांगितले की, माहिती संशोधकांस मिळण्याची नीट व्यवस्था नाही, विद्यापीठांची रचना शाखाशाखांत तुटलेली आहे, आणि लोकांच्या खासगी आयुष्याचे रक्षण करणारे नियम अपुरे आहेत. स्वतःच्या विद्येचे दोष चारचौघांत सांगणे हा विद्वत्तेचा एक चांगला गुण आहे.

आता शेवटी वसतिगृहाकडे येतो. ज्या वडीलधाऱ्यांनी पोटास चिमटा घेऊन त्या इमारतीसाठी वर्गणी दिली, त्यांची नावे दर्शनी भिंतीवर कोरलेली आहेत. परगावच्या आपल्या मुलास शहरात डोके टेकावयास जागा मिळावी म्हणून त्यांनी ती बांधली. हा घट्टपणा आम्ही हलका लेखत नाही. त्यावरच आमच्यासारख्यांची शिक्षणे झाली. 'परक्यांस जागा दिली तर समाज विस्कटेल' असे जे बंधू म्हणतात त्यांची भीती आम्हांस समजते. परंतु शंभरातील एका ओळखीचे दुसरे टोक दूर नेले असता घट्टपणा टिकतो आणि अंतर मात्र तुटते, हे गणिताचे म्हणणे आपण आताच ऐकले. गणितातील वर्तुळ म्हणजे आपला समाज नव्हे, आणि एका निबंधावरून ठराव पास करावा असेही आमचे म्हणणे नाही. परंतु रिकाम्या खोलीत ना आपला मुलगा राहतो, ना परक्याचा. तेथे जर दुसऱ्या समाजातील एखादा गरीब विद्यार्थी आला, तर त्यास निवारा मिळेल, ही गोष्ट प्रथम. आणि आपल्या मुलांस आयुष्यभर पुरेल अशी एक ओळख मिळेल, ही गोष्ट नंतर. आमचे मत ठरावाच्या बाजूस पडेल, हे आम्ही येथेच सांगून ठेवतो. ज्यांचे मत विरुद्ध पडेल त्यांच्याशी आमचा स्नेह आहे तसाच राहील.

ठरावाचे काहीही होवो, एक गोष्ट ठरावावाचून करता येण्याजोगी आहे. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला खण उघडून पाहावा. कोणाची चिठ्ठी, कोणाचा अर्ज, कोणाचा निरोप तेथे थांबला असेल तर तो एक पायरी पुढे धाडावा. पोचविण्याची जबाबदारी आपली नाही. पुढे धाडण्याची आहे.

 सर्व गुणवंत विद्यार्थ्यांस, आणि ज्यांची नावे आज पुकारली गेली नाहीत त्यांसही, मनःपूर्वक शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.